वीस प्रश्नांत मुलाची पातळी ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
अ‍ॅडॅप्टिव्ह चाचण्या तयार करणारे, राबवणारे आणि त्यांच्या गुणांवरून मुलांचे गट पाडणारे सर्व अधिकारी

विषय : प्रश्नसंख्या निम्मी करण्याचा आणि निकालपत्रातून त्रुटीचा पट्टा काढण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

तुमच्या ताज्या परिपत्रकात दोन बदल एकाखाली एक छापले आहेत, जणू त्यांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. पहिला बदल असा, की गणिताच्या अ‍ॅडॅप्टिव्ह चाचणीत, म्हणजे मुलाच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न बदलत जाणाऱ्या चाचणीत, यापुढे चाळीसऐवजी वीसच प्रश्न असतील, कारण संगणक आता मुलाच्या पातळीचा प्रश्न अधिक नेमका निवडतो. दुसरा असा, की निकालपत्रावर गुणाशेजारी छापला जाणारा पट्टा, म्हणजे मुलाची पातळी साधारण कुठून कुठपर्यंत असू शकते हे दाखवणारी आडवी रेघ, यापुढे नसेल. कारण त्या रेघेने पालकांचा गोंधळ होतो म्हणे. पहिल्या बदलाने तो पट्टा रुंद होणार आहे आणि दुसऱ्याने तो कोणालाच दिसणार नाही. हे दोन्ही एकाच कागदावर यावेत हा योगायोग मानायला मी तयार आहे. ते निमूटपणे मान्य करायला तयार नाही.

मी गणिताची शिक्षिका. तुमचा आकडा माझ्या वर्गात पोहोचतो तेव्हा तो आकडा राहत नाही, त्याचा गट होतो. एका रेषेच्या खालची मुले उपचारात्मक वर्गात, वरची नेहमीच्या वर्गात, आणखी वरची प्रगत गटात. गट पडला की तासिका बदलतात, सरावसंच बदलतात, शिक्षकांच्या अपेक्षाही बदलतात. वर्षअखेरीपर्यंत खालच्या गटातल्या मुलाला वरचे काही शिकवलेलेच नसते, म्हणून पुढच्या चाचणीतही ते तिथेच सापडते. मग तुमच्या अहवालात लिहून येते, की चाचणीचे निकाल वर्षानुवर्षे सुसंगत आहेत. शिवाय मी प्रश्नपेढ्यांसाठी प्रश्न लिहिले आहेत आणि त्यांच्या पूर्वचाचण्यांना हजर राहिले आहे. पडद्यावर प्रश्न उमटतो त्यामागे काय काय घडलेले असते, हे मला थोडेफार ठाऊक आहे.

आधीच सांगते, या पद्धतीला माझा विरोध नाही. सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका दिली की हुशार मुलाचा अर्धा वेळ त्याला झोपेतही येतील अशा प्रश्नांत जातो आणि मागे पडलेल्या मुलाचा अर्धा वेळ कोऱ्या नजरेने बसण्यात. दोघांविषयीही फारसे काही कळत नाही. यावरचा उपाय जुनाच आहे. फ्रान्समधल्या आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांच्या चाचणीच्या १९०८ च्या आवृत्तीत प्रश्न वयानुसार लावलेले होते. परीक्षक मुलाला जमेल तिथून सुरुवात करायचा आणि जमेनासे होईपर्यंत वर चढायचा. याला गणिती बैठक पुढे मिळाली. डेन्मार्कच्या जॉर्ज रॅश यांनी १९६० मध्ये आपले मॉडेल, म्हणजे प्रश्न सुटण्याची शक्यता मुलाच्या क्षमतेवरून आणि प्रश्नाच्या काठिण्यावरून सांगणारे सूत्र, मांडले, अमेरिकेत फ्रेडरिक लॉर्ड यांनी सिद्धांत उभा केला, आणि १९७० च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात डेव्हिड वाइस यांनी तो संगणकावर आणला. या सगळ्यांनी दिलेले वचन होते ‘तेवढीच अचूकता, कमी प्रश्नांत’. तुम्ही त्यातला उत्तरार्ध तेवढा उचललात.

ही चाचणी कशी चालते ते वाचकांसाठी दोन वाक्यांत. प्रश्नाची काठिण्यपातळी आणि मुलाची क्षमता एकाच मोजपट्टीवर मांडलेली असते. उत्तर बरोबर आले की मुलाच्या क्षमतेचा अंदाज वर सरकतो आणि अवघड प्रश्न येतो, चुकले की अंदाज खाली येतो आणि सोपा प्रश्न येतो.

आता पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार. ती मतभेदाची नाही, आकडेमोडीची आहे.

रॅश मॉडेलमध्ये एका प्रश्नातून मिळणारी माहिती म्हणजे तो सुटण्याची शक्यता गुणिले चुकण्याची शक्यता. हा गुणाकार जास्तीत जास्त ०.२५ होतो, तोही प्रश्न सुटण्याची आणि चुकण्याची शक्यता अगदी समसमान असेल तेव्हाच. म्हणजे तुमच्या संगणकाचा नेम पहिल्या प्रश्नापासून विसाव्यापर्यंत एकदाही चुकला नाही असे धरले, तरी वीस प्रश्नांतून मिळणारी एकूण माहिती ५ च्या वर जात नाही. एक भागिले माहितीचे वर्गमूळ म्हणजे प्रमाण त्रुटी, अंदाज साधारण किती चुकू शकतो याचे माप. ती इथे सुमारे ०.४५ लॉजिट (लॉजिट हे या मोजपट्टीचे एकक) निघते. चाळीस प्रश्नांना हीच त्रुटी सुमारे ०.३२ होती. त्रुटी निम्मी करायची तर प्रश्न चौपट लागतात, आणि संगणक कितीही वेगवान झाला तरी या हिशेबात फरक पडत नाही. प्रत्यक्षात तर पहिले चार-सहा प्रश्न अंधारातच टाकलेले असतात, कारण मुलाची पातळी तेव्हा कळलेली नसते. त्यामुळे खरी त्रुटी याहून थोडी जास्तच.

०.४५ हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, म्हणून तो वर्गाच्या भाषेत सांगते. ९५ टक्के खात्रीचा पट्टा दोन्ही बाजूंना सुमारे ०.८८ लॉजिट पसरतो. निकालपत्रावर जो गुण छापला आहे, बरोबर त्या पातळीच्या मुलाला जे प्रश्न शंभरात पन्नास वेळा सुटतात, तेच पट्ट्याच्या खालच्या टोकावरच्या मुलाला शंभरात एकोणतीस वेळा सुटतात आणि वरच्या टोकावरच्या मुलाला एकाहत्तर वेळा. ही दोन मुले मी एकाच गटात बसवून एकाच सरावसंचावर शिकवली, तर तपासणीला आल्यावर तुम्हीच मला जाब विचाराल. तुमच्या निकालपत्रावर मात्र ती दोघे एकाच आकड्याने ओळखली जातात.

गटाच्या रेषेजवळ हे आणखी बोचते. एखादे मूल रेषेच्या ०.३ लॉजिट वर आहे असे समजा. फार वर नाही, पण वर आहे. वीस प्रश्नांच्या चाचणीत अशा मुलाचा गुण रेषेखाली जाण्याची शक्यता चारांत एक आहे. चाळीस प्रश्नांत ती साधारण सहांत एक होती. ऐंशी प्रश्न विचारले असते तर अकरांत एक. परिपत्रकाने वाचवलेला वेळ आला आहे तो इथून, रेषेजवळच्या मुलांच्या वाट्यातून.

यावर तुमचे तांत्रिक सल्लागार म्हणतील, की आम्ही साधे रॅश मॉडेल वापरत नाही, प्रत्येक प्रश्नाची भेदनक्षमताही, म्हणजे कमी आणि जास्त पातळीच्या मुलांत फरक दाखवण्याची त्याची ताकदही, हिशेबात घेतो. बरोबर आहे. भेदनक्षमता दीडपट असेल तर माहिती सव्वादोनपट मिळते आणि माझे वरचे आकडे तेवढे सौम्य होतात. पण ती भेदनक्षमता तुम्हाला कळली कशी? माझी दुसरी तक्रार इथेच सुरू होते.

प्रश्नपेढीतल्या प्रत्येक प्रश्नापुढे लिहिलेली काठिण्यपातळी आणि भेदनक्षमता हे स्वतःच अंदाज असतात. काही शे किंवा काही हजार मुलांच्या उत्तरांवरून ते काढलेले असतात आणि त्यांतही त्रुटी असते. आता संगणक काय करतो? जास्तीत जास्त माहिती देणारा प्रश्न शोधतो, म्हणजे बहुधा ज्याची भेदनक्षमता कागदावर सर्वांत जास्त आहे तो. अशा प्रश्नांत काही खरोखर उत्तम असतात आणि काही नमुन्यातल्या योगायोगाने उत्तम दिसणारे. शंभर जणांनी एकच दोरी मोजावी आणि आपण त्यांतले सर्वांत मोठे माप खरे धरावे, असा हा प्रकार आहे. विम व्हान डर लिंडेन आणि सेस ग्लास यांनी २००० साली हा धोका नेमकेपणाने दाखवून दिला. अंशांकनातल्या, म्हणजे प्रश्नांची ही मापे ठरवण्यातल्या, चुकांचा संगणक नकळत फायदा उठवतो आणि त्रुटी आहे त्यापेक्षा कमी असल्याचे सांगतो. पेढी मोठी, चाचणी छोटी आणि अंशांकनाचा नमुना तोकडा, असे तिन्ही जुळून आले की हा भ्रम वाढतो. पेढी तीच ठेवून चाचणी निम्मी केलीत, म्हणजे तुम्ही नेमके त्याच दिशेने गेलात.

पूर्वचाचण्यांबद्दल इथे थोडे विस्ताराने लिहिते, कारण अचूकतेची चर्चा निघाली की सगळे सूत्रांवर बोलतात आणि हा भाग कोणीच पाहत नाही. अनेक ठिकाणी नवे प्रश्न वेगळ्या सत्रात तपासले जातात. मुलांना सांगितले जाते की याचे गुण धरले जाणार नाहीत. मग काय होते हे कोणत्याही शिक्षकाला विचारा. पहिली दहा मिनिटे मुले मन लावून सोडवतात, पुढे रटाळ वाटू लागते आणि शेवटचे प्रश्न डोळे मिटून टिकले जातात. शेवटी आलेला प्रश्न त्यामुळे आहे त्यापेक्षा अवघड ठरतो. खरी चाचणी देताना मुले जीव ओतून सोडवतात, तो प्रश्न त्यांना सहज सुटतो आणि त्यांना अवघड प्रश्न सोडवल्याचे श्रेय मिळते. दुसऱ्या कोणाला सोप्या ठरलेल्या, पण खरे तर किचकट असलेल्या प्रश्नाचा फटका बसतो. माझाच एक प्रश्न सांगते. पूर्वचाचणीत त्यातल्या त्रिकोणाच्या आकृतीतच कोनाचे माप लिहिलेले होते. पुढे पडद्यावरची मांडणी बदलली तेव्हा ते माप आकृतीबाहेर, मजकुराच्या ओळीत गेले. प्रश्न अवघड झाला. पेढीतली काठिण्यपातळी मात्र जुनीच राहिली. विचारल्यावर उत्तर मिळाले की गणित तर तेच आहे ना. गणित तेच होते, प्रश्न तो राहिला नव्हता.

यावरचा उपाय काही गुप्त नाही. नवे प्रश्न खऱ्या चाचणीतच, गुणांत न धरता, मधेमधे पेरायचे. मुलाला कोणता प्रश्न मोजला जाणार हे ठाऊक नसते, त्यामुळे सगळ्या प्रश्नांना सारखीच मेहनत मिळते. मोठ्या परीक्षांत ही रीत रुळलेली आहे. आणि जुन्या प्रश्नांची काठिण्यपातळी ठरावीक काळाने पुन्हा तपासायची, कारण अभ्यासक्रम बदलतो, एखादा घटक वर्गात नव्याने शिकवला जातो, प्रश्न फुटतो, आणि मोजमाप सरकते.

तिसरी तक्रार सुरुवातीला पाय घसरलेल्या मुलाची. पहिले पाच प्रश्नच सगळे ठरवतात, असा मुलांमध्ये समज आहे. लांब चाचणीत तो बहुतांशी खोटा असतो, कारण पुढच्या उत्तरांनी अंदाज सावरतो. वीस प्रश्नांत तो समज तितका खोटा राहत नाही. घाबरलेले, हुशार मूल पहिल्या दोन सोप्या प्रश्नांत गडबडते. प्रचलित तीन घटकांच्या (काठिण्यपातळी, भेदनक्षमता आणि अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता) मॉडेलमध्ये अंदाजाने टिकलेल्या उत्तराला जागा आहे, म्हणजे येत नसताना बरोबर येऊ शकते हे ते मानते. पण येत असतानाही हातून चूक होऊ शकते, हे ते मानत नाही. म्हणून सोप्या प्रश्नातली चूक त्याला फार मोठी गोष्ट वाटते. अंदाज खाली कोसळतो, त्यानंतर सोपेच प्रश्न येत राहतात, आणि सोप्या प्रश्नांच्या बरोबर उत्तरांतून वर चढायला फारसा आधार मिळत नाही. बार्टन आणि लॉर्ड यांनी १९८१ मध्येच चौथा घटक सुचवला होता. कितीही हुशार मूल असले तरी उत्तर बरोबर येण्याची शक्यता पूर्ण १ धरायची नाही, किंचित कमी धरायची. त्या वेळी त्याचा विशेष उपयोग दिसला नाही. पण २००९ मध्ये रुलिसन आणि लोकेन यांनी पहिल्या दोन प्रश्नांत चुकलेल्या हुशार परीक्षार्थींचे संगणकावर अनुकरण करून पाहिले, तेव्हा या चौथ्या घटकामुळे त्यांचे नुकसान बरेच कमी झाले. तुमच्या चाचणीत हा घटक आहे का? नसेल तर सुरुवातीची चूक सावरण्यासाठी दुसरे काय आहे? परिपत्रकात एक शब्द नाही.

याच्याशीच जोडलेली गोष्ट म्हणजे मागे वळून उत्तर बदलण्याची मनाई. तिचे कारण मला समजते. मुद्दाम चुकीची उत्तरे देऊन सोपे प्रश्न मिळवायचे आणि शेवटी सगळी दुरुस्त करायची, अशी पळवाट त्यातून निघू शकते. पण ‘उत्तर तपासून पाहा’ हे आम्ही पहिलीपासून शिकवतो आणि तुमची चाचणी तेच करू देत नाही. मधला मार्ग काढता येतो. अमेरिकेतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेने ऑगस्ट २०११ पासून प्रश्नागणिक बदलण्याऐवजी विभागागणिक बदलण्याची पद्धत घेतली. विभागाच्या आत मागेपुढे जाता येते आणि पुढचा विभाग आधीच्या कामगिरीवर ठरतो. तिथल्या महाविद्यालयीन प्रवेशासाठीची संगणकावरची सॅट परीक्षाही २०२३-२४ पासून दोन टप्प्यांची आहे. यात थोडी कार्यक्षमता जाते, हे कबूल. मला तो सौदा परवडणारा वाटतो. तुम्हाला वाटत नसेल तर का, ते तरी सांगा.

चौथी तक्रार गुण काढण्याच्या पद्धतीची. सगळे बरोबर किंवा सगळे चूक आले की साध्या पद्धतीने अंदाज निघतच नाही, तो अनंताकडे जातो. म्हणून बहुतेक संस्था बेझच्या पद्धतीने आधीच एक गृहीतक धरतात, की मूल सर्वसाधारण मुलांच्या आसपासचे असणार. हे गैर नाही. पण त्याने प्रत्येक अंदाज सरासरीकडे ओढला जातो आणि चाचणी जितकी छोटी तितकी ओढ जास्त. मुलांच्या पातळ्यांचा गृहीत धरलेला विस्तार (प्रमाण विचलन) एक लॉजिट असेल आणि मूल खरोखर सरासरीच्या दोन लॉजिट खाली असेल, तर वीस प्रश्नांनंतर त्याचा गुण सरासरीने साधारण १.६७ खाली दिसेल, चाळीस प्रश्नांनंतर १.८२. म्हणजे ज्याला मदत सर्वांत जास्त हवी तोच कागदावर बरा दिसतो आणि उपचारात्मक वर्गाच्या यादीतून निसटू शकतो. थॉमस वॉर्म यांनी १९८९ मध्ये दिलेली भारित पद्धत या ओढीला बरीच आवर घालते. तुम्ही कोणती पद्धत वापरता, हे शिक्षकांना माहीत असण्यात कसली अडचण आहे?

पाचवी गोष्ट प्रश्न फुटण्याची, थोडक्यात. संगणकाला मोकाट सोडले तर तो पेढीतले मूठभर ‘उत्तम’ प्रश्नच पुन्हा पुन्हा काढतो आणि बाकीची पेढी पडून राहते. १९९४ मध्ये अमेरिकेत एका शिकवणी कंपनीने आपली माणसे जीआरईला बसवून प्रश्न पाठ करून आणवले आणि ते सहज जमते हे जगाला दिसले. २००२ मध्ये चीन, तैवान आणि दक्षिण कोरियात हीच परीक्षा संगणकावरून पुन्हा कागदावर न्यावी लागली, कारण प्रश्न सर्रास फिरू लागले होते. सिम्पसन आणि हेटर यांची १९८५ ची वापर-मर्यादेची पद्धत किंवा चँग आणि यिंग यांची १९९९ ची, जास्त भेदनक्षमतेचे प्रश्न चाचणीच्या उत्तरार्धासाठी राखून ठेवणारी पद्धत, यांतली एखादी तरी वापरता की नाही, एवढेच सांगा.

सहावी. माहिती जास्तीत जास्त मिळवण्याच्या नादात संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या घटकाचे किती प्रश्न हे ठरवणारा तक्ता, विसरला जातो. एका मुलाला वीसपैकी बारा प्रश्न बीजगणिताचे आणि दुसऱ्याला भूमितीचे आले, तर दोघांचे गुण एका पट्टीवर मांडायचे कसे? वीस प्रश्नांत घटकांचा समतोल राखणे चाळीसपेक्षा कितीतरी अवघड आहे.

सातवी. काही प्रश्न समान क्षमतेच्या दोन गटांना वेगवेगळे अवघड जातात. गणितापेक्षा भाषेचे ओझे जास्त असलेले शाब्दिक उदाहरण हा त्याचा नेहमीचा नमुना. ठरीव प्रश्नपत्रिकेत असा एक प्रश्न एक गुण घेऊन जातो. अ‍ॅडॅप्टिव्ह चाचणीत तो पुढची वाटही बदलतो. असे प्रश्न हुडकणारी मँटेल-हेन्झेल ही सांख्यिकी कसोटी वर्षानुवर्षे उपलब्ध आहे, तिचे निष्कर्ष जाहीर करायला लागते ती फक्त इच्छा.

आता तुमच्या बाजूचे. मुले थकतात, संगणक कमी आहेत, चाचणीला दोन तासिका जातात, हे सगळे खरे आहे आणि रोज आमच्याच समोर घडते. पण सगळ्यांना सारखेच वीस प्रश्न देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. अ‍ॅडॅप्टिव्ह पद्धतीचे खरे बळ असे, की कोणाला किती प्रश्न द्यायचे हेही ती ठरवू शकते. अमेरिकेतली परिचारिकांची परवाना परीक्षा, एनक्लेक्स, १९९४ पासून अशीच चालते. उमेदवार उत्तीर्ण रेषेच्या वर आहे की खाली याची ९५ टक्के खात्री झाली की संगणक थांबतो, नाहीतर विचारत राहतो. २०२३ पासून तिथे किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न आहेत. रेषेपासून लांब असलेला लवकर सुटतो, रेषेजवळच्याला जास्त संधी मिळते. तुमच्याकडेही रेषेपासून दूरच्या मुलाला वीस प्रश्न पुरतील. त्याचा वाचलेला वेळ रेषेजवळच्या मुलाला द्या. एकूण वेळ फारसा वाढणार नाही. शिवाय पेढीत गटरेषांच्या आसपासच्या काठिण्यपातळीचे चांगले प्रश्न वाढवा. तिथेच ते सर्वांत जास्त कामाला येतात, आणि ते लिहिण्याच्या कामी मी व माझ्यासारखे अनेकजण आनंदाने येऊ.

मागच्या वर्षीचा गुण घेऊन चाचणीची सुरुवात करावी, असाही एक प्रस्ताव ऐकते. पहिला प्रश्न निवडण्यापुरता तो चांगला आहे, अंधारातले चार-सहा प्रश्न वाचतील. पण तो गुण अंतिम निकालात मिसळला, तर मुलाने वर्षभरात केलेली प्रगती त्याच्याच जुन्या गुणाखाली दबेल. तेवढी रेघ कृपया ओढून ठेवा.

राहिला पालकांचा गोंधळ. पालक सभेत मी तो पट्टा समजावून सांगत आले आहे. पालक गोंधळत नाहीत, प्रश्न विचारतात. पट्टा दोन गटांवर पसरलेला दिसला की ते विचारतात, मग वरच्या गटात बसवून बघता येईल का? प्रश्न रास्त आहे. पट्टा छापला नाही तर तो विचारला जाणार नाही, एवढाच काय तो फरक पडेल. अमेरिकेतल्या तीन प्रमुख संघटनांनी मिळून काढलेली शैक्षणिक व मानसशास्त्रीय चाचण्यांची मानके, ज्यांची शेवटची सुधारणा २०१४ ची आहे, सांगतात की गुणाच्या वेगवेगळ्या पातळ्यांवरची प्रमाण त्रुटी द्यावी, आणि जिथे गुणरेषेवरून निर्णय होतात तिथे त्या रेषेजवळची त्रुटी द्यावी. तुमच्याच माहितीपुस्तिकेत या मानकांचा आदराने उल्लेख आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

निकालपत्रावरचा पट्टा पुन्हा छापा, आणि तो गटरेषेला ओलांडत असेल तर तसे शब्दांत लिहा.

पट्टा रेषेला ओलांडणाऱ्या कोणत्याही मुलाचा गट केवळ या गुणावर ठरवू नये, शिक्षकांचे निरीक्षण आणि मुलाचे वर्गातले लेखी काम त्यासोबत पाहिले जावे, असा लेखी आदेश काढा. ही मागणी मला सर्वांत निकडीची वाटते, कारण तिला ना नवे सॉफ्टवेअर लागते ना नवा निधी.

वीस ही ठरीव संख्या मागे घेऊन त्रुटीवर आधारित थांबण्याचा नियम लावा, किमान आणि कमाल प्रश्नसंख्या जाहीर करून.

तांत्रिक अहवाल सार्वजनिक करा. मॉडेल कोणते, अंशांकनाला किती मुले होती आणि नमुना कसा निवडला, गुण कोणत्या पद्धतीने काढला, प्रश्नांचा वापर कसा मर्यादित ठेवला, कोणते प्रश्न कोणत्या गटाला अन्यायकारक ठरून वगळले, आणि गटरेषेजवळ किती टक्के मुलांचे वर्गीकरण चुकण्याची शक्यता आहे, एवढे त्यात हवे. प्रश्न उघड करा असे मी म्हणत नाही.

मांडणी, आकृती किंवा शब्दरचना बदललेला प्रश्न नव्याने तपासल्याशिवाय गुणांत धरू नका.

आणि गुण चुकीचा वाटल्यास फेरचाचणी मागण्याचा मार्ग पालक व शिक्षकांना द्या. आज तक्रार केली तर चाचणी संगणकीय असल्याने चूक संभवत नाही, असे छापील उत्तर येते. हिशेबात संगणक चुकत नसेलही. पण कोणता प्रश्न पेढीत ठेवायचा, किती प्रश्नांवर थांबायचे आणि रेषा कुठे मारायची, हे माणसांनी ठरवले आहे आणि त्याचे उत्तरही माणसांनीच द्यायला हवे.

चाचणीची पुढची फेरी सुरू होण्यापूर्वी या पत्राचे मुद्देसूद, जाहीर उत्तर मिळावे, ही विनंती. माझ्या आकडेमोडीत काही चुकले असेल तर तेही तिथेच दाखवा. तुमचे आकडे हातात आले की मी ती पुन्हा करीन.

कळावे,
गणिताची एक शिक्षिका आणि प्रश्नलेखिका